दोन मतांची वाडी

कोल्हापूरला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या अमरावतीत दोनच प्रश्न येतात. चपला आणल्या का, आणि रस्सा फार तिखट होता का. चपला आणल्या आणि त्या पहिल्याच दिवशी चावल्या. रश्श्याचं म्हणाल तर विदर्भातल्या बाईला कुणी तिखटाची भीती घालू नये. पण मी ज्या कामासाठी गेले होते त्याबद्दल कुणीच विचारत नाही, म्हणून न विचारता सांगते.

मी जन्मभर मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. शिक्षिका म्हटली की निवडणुकीची ड्युटी आलीच. मतदान केंद्रांवर बसले, मतमोजणीच्या टेबलांवर बसले. निवृत्त झाल्यावर आम्ही सहा-सात जणांनी मिळून एक मतदार मंडळ काढलं. आमच्या घरच्यांच्या मते आम्ही सगळे रिकामटेकडे आहोत आणि त्यात फारसं खोटं नाही. दोन हजार चार साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका झाल्या आणि आम्ही ठरवलं की निवडणुकीच्या नियमांत एक बदल मागणारं निवेदन दिल्लीला पाठवायचं.

बदल छोटा आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात आम्ही वेगवेगळ्या गावांच्या पेट्यांतल्या मतपत्रिका एका मोठ्या पिंपात ओतायचो, कोपरापर्यंत हात घालून ढवळायचो आणि मग मोजायला घ्यायचो. कंबरेचा काटा ढिला व्हायचा, पण कुठल्या गावानं कुणाला मतं दिली हे ब्रह्मदेवालाही कळत नसे. यंत्रं आली आणि ढवळणं संपलं. आता प्रत्येक केंद्राचं यंत्र वेगळं उघडतात, आकडे मोठ्यानं वाचतात आणि उमेदवारांची माणसं ते टिपून घेतात. शहरात त्यानं काही बिघडत नाही. पण एखाद्या वाडीला स्वतःचं केंद्र असेल, मतदार मूठभर असतील, तर त्या वाडीनं काय केलं ते संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळतं. आमचं म्हणणं एवढंच होतं की दहा-बारा केंद्रांच्या यंत्रांची बेरीज एकत्र करून तेवढीच जाहीर करावी.

निवेदनाला जिवंत उदाहरण हवं होतं. कोल्हापूरची विमल मगदूम माझी डी.एड.ची मैत्रीण. तिचे यजमान जनावरांचे डॉक्टर, खेडोपाडी फिरणारे. फोनवर मी विषय काढला तर विमल म्हणाली, "उदाहरण कसलं मागतीस, अख्खी वाडी दाखवते. ये तू." जानेवारीत गेले.

कोल्हापूर, गुरुवार

मगदूमांचं घर जैनांचं, त्यामुळे जेवण अंधार पडायच्या आत. आमच्याकडे ज्या वेळी चहाचं आधण ठेवतात त्या वेळी माझ्यापुढे भाकरी, मुगाची आमटी, दही आणि हिरव्या मिरचीचा खर्डा आला. "एवढ्या लवकर काऊन जेवता?" असं मी म्हणाले आणि विमलनं "काऊन" हा शब्द सगळ्या घराला ऐकवला. मी तिथून निघेपर्यंत तिच्या सुना एकमेकींना "काऊन गं?" असं विचारून हसत होत्या.

संध्याकाळी डॉक्टर मला दुधाच्या कट्ट्यावर घेऊन गेले. भर रस्त्यात म्हशी बांधलेल्या, मालक समोर धार काढतो आणि फेसाळ, कोमट पेला तसाच हातात देतो. आमच्याकडे दूध तापवल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत. पहिला घोट घेताना माझ्या चष्म्याला फेस लागला आणि शेजारचे दोन पैलवान अगदी मनापासून हसले. सूर्य मावळला होता, तेव्हा मी डॉक्टरांकडे बघितलं. ते पेला रिकामा करत म्हणाले, "म्हशीला सूर्यास्त कळत न्हाय, वहिनी. विमलला सांगू नका."

म्हशीच्या मालकानं विचारलं, "पावणं कुठलं म्हणायचं? काय काम काढलंसा?" कोल्हापुरात असा प्रश्न हातभर अंतरावरूनही मोठ्यानं विचारतात आणि उत्तर सगळ्या कट्ट्याला द्यावं लागतं. मी त्याला त्याच्याच भाषेत समजावलं. पूर्वी सगळ्यांचं दूध एका कॅनमध्ये पडायचं, आता ज्याची त्याची किटली वेगळी मोजतात, असं काहीसं.

"मग चांगलंच की वो!" तो म्हणाला. "पानी कोन घालतंय त्ये कळतंय."

सगळा कट्टा हसला. मीही हसले. किटली वेगळी मोजावी हे दुधाच्या बाबतीत बरोबरच आहे. मताच्या बाबतीत ते का चूक, हे वर्गात मी पाच मिनिटांत पटवलं असतं. तिथं हातात पेला धरून उभी राहिले.

इचलकरंजी, शुक्रवार

वाडीला शनिवारी जायचं होतं. मधला दिवस मोकळा, म्हणून विमल मला इचलकरंजीला तिच्या भावाकडे घेऊन गेली. त्याचा यंत्रमागांचा छोटा कारखाना आहे. आत गेल्यावर बोलणं संपतं. माणसं ओठ बघून समजून घेतात आणि बाहेर आल्यावरही सवयीनं ओरडत राहतात.

पाळी संपवून बाहेर आलेल्या सिद्धाप्पा नावाच्या कामगाराशी बोलले. मूळचा विजापूरकडचा, कानडी वळणाचं मराठी बोलणारा. मतदान करता का, असं विचारलं.

"मत हाय की, आक्का. गावाकडं हाय. मी इकडं, मत तिकडं."

"मग इथं नाव लावून घ्या ना."

"कुठल्या खोलीवर लावू? वर्साला खोली बदलती." मग त्यानं मलाच विचारलं, "गावाकडं जानारा कोन भेटला की मी पोरास्नी कापड धाडतो. मत धाडाया येत न्हाय काय तसं?"

विमलचा भाऊ हसला, पण सिद्धाप्पानं ते थट्टेनं विचारलं नव्हतं. येत नाही, असं मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली आणि विडी पेटवली.

वाडी, शनिवार

त्या वाडीचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल. जोतिबाच्या डोंगरापासून फार लांब नाही, आणि खालच्या मोठ्या गावापासून चढाची, दगडगोट्यांची वाट, एवढं पुरे.

डॉक्टरांची जीप अर्ध्या चढावर असताना समोरून एक तिशीची बाई उतरत होती. डोक्यावर दुधाची भरलेली किटली, पदर कमरेला घट्ट. डॉक्टरांनी गाडी थांबवली. "मंगल, बस की. खाली सोडून येतो."

"नगं डाक्टर. गाडीत हिंदकाळून लोनी व्हईल," ती म्हणाली आणि मान जराही न हलवता पुढे गेली.

डॉक्टर म्हणाले, "गेल्या उन्हाळ्यापर्यंत दूध संस्थेची गाडी सकाळ-संध्याकाळ वर यायची. आता बाया दोन्ही वेळा डोक्यावरून उतरवतात."

वरती पंचवीस-तीस घरं, प्रत्येक दारात म्हशी. आण्णांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसलो. आण्णा म्हणजे वाडीतले कर्ते गृहस्थ, अंगानं किरकोळ आणि आवाजानं दांडगे. चहा आला तो निव्वळ दुधाचा, वर सायीचा पापुद्रा. शेजारी भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती, पाय सरळ पसरून. ही हौसाक्का, मंगलची सासू. मंगलचा नवरा लष्करात आहे. त्याची टपालाची मतपत्रिका एकदाही वेळेवर पोचलेली नाही, हे मला चहाबरोबर ऐकायला मिळालं.

हकीकत सगळ्यांनी मिळून सांगितली, एकमेकांचं बोलणं तोडत; कोपऱ्यात बसलेला एक जण तेवढा नुसता ऐकत होता. आधी मतदान खालच्या गावात व्हायचं. हौसाक्काचे गुडघे गेले तशी ती दोन-तीन निवडणुकांना खाली उतरू शकली नाही. ती एकटी नव्हती, सगळीच म्हातारी माणसं घरी राहायची. आण्णांनी तहसील कचेरीत खेटे घालून घालून वाडीला स्वतःचं मतदान केंद्र मिळवलं. लोकसभेला वाडीतल्या शाळेच्या खोलीत यंत्र आलं.

"माझ्या पायानं गेलतो मी," हौसाक्का म्हणाली. स्वतःबद्दल बोलताना तिकडच्या बायका पुरुषासारखं बोलतात, मला ते फार आवडलं. "बटन दाबलं तसं त्ये पीं करून वराडलं. मी म्हटलं, ऐकलं बाबा, सरकारनं ऐकलं."

त्या दिवशी वाडीत सणासारखं वातावरण होतं म्हणे. लोकांनी मनाला येईल तसं मत दिलं. खालच्या दूध संस्थेचा चेअरमन ज्या उमेदवाराच्या मागे होता, त्याला वाडीतून फार थोडी मतं पडली. कुणाला त्याची फिकीर नव्हती, कारण मत गुप्त असतं हे सगळ्यांना पाठ. निकालानंतर आठवडाभरात दुधाची गाडी वर यायची थांबली.

"रस्ता खराब हाय म्हनाले," आण्णा म्हणाले. "रस्ता माझ्या जन्मापास्नं खराब हाय."

मग ऑक्टोबरात विधानसभा आली. आण्णांनी वाडी जमवली आणि सांगितलं, झालं गेलं, आता समद्यांनी चेअरमनच्या माणसालाच मत द्यायचं, एकूण एक. निकालात दिसू दे त्यांना. गाडी परत येऊ दे. सगळ्यांनी मान डोलावली, सगळ्यांनी शब्द दिला. आणि यंत्र उघडलं तेव्हा दोन मतं पलीकडच्याला निघाली.

फक्त दोन. चेअरमनच्या एका हस्तकानं आण्णांना बोलावून हसत हसत सांगितलं होतं, "त्ये दोघं कोन हाईत, आमास्नी आनून दावा. दुसऱ्या दिवशी गाडी वर."

मी रागानं चहाची बशी खाली ठेवली. मी म्हणाले की हा गुन्हा आहे, कुणाचं मत कुणाला गेलं हे विचारण्याचा अधिकार कुणाच्या बापाला नाही. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, इचारत न्हाईत त्ये. गाडी फकस्त धाडत न्हाईत. गाडी न धाडन्याला कायदा हाय काय?"

आता दोघं शोधायची होती. वाडीचा संशय मंगलवर होता. कारण एवढंच की पलीकडच्या उमेदवाराचं गाव ते तिचं माहेर. दुपारी ती रिकामी किटली घेऊन परत आली तेव्हा पाण्याच्या टाकीजवळच्या बायका बोलायच्या थांबल्या. ती आली, किटली घासली, पालथी घातली, आणि म्हशीला वैरण टाकायला गेली. एवढ्या वेळात तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. सासूनं मात्र "जेवलीस का गं?" असं मोठ्यानं, मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे जोतिबाचा वार. आण्णांनी ठरवलं होतं की सगळ्या मतदारांनी डोंगरावर जायचं, देवासमोर एकेकानं हातात गुलाल उचलायचा आणि म्हणायचं, मी शब्द मोडला नाही. गुलाल उचलून खोटं बोलायची त्या भागात कुणाची छाती नाही. जे दोघं उचलणार नाहीत, ते सापडले.

मी आण्णांना निवेदनात वाडीचं नाव घालू का असं विचारलं. ते घाईनं "नगं नगं" म्हणाले. "दोन मतांवर ही गत. दिल्लीला नाव गेल्यावर काय व्हईल?" मी शब्द दिला, तो पाळते आहे.

उतरताना जीपमध्ये मी डॉक्टरांना म्हणाले, "मंगल नसेल. पण तो कोपऱ्यात बसलेला, काहीच न बोलणारा माणूस, तो असू शकेल. आणि दुसरं मत..."

डॉक्टरांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "वहिनी, तुमीबी?" दिवसभर मत गुप्त असावं म्हणून भांडणारी बाई उतारावर हिशोब मांडत होती, याची मला लाज वाटली.

जोतिबा, रविवार

जोतिबाचा डोंगर गुलाबी आहे. पायऱ्या, भिंती, दुकानांच्या फळ्या, कुत्र्यांच्या पाठी, सगळ्यांवर गुलालाचा थर. माझी पांढरी साडी बघून विमलनं कपाळावर हात मारला होता आणि देवळाच्या दारापर्यंत पोचायच्या आत तिचं म्हणणं खरं ठरलं. "चांगभलं!" म्हणत कुणीतरी गुलाल-खोबरं उधळलं आणि मी नखशिखांत रंगले. ती साडी मी अजून नेसते. रंग गेला नाही, आता जावा असंही वाटत नाही. दवण्याच्या जुड्यांचा वास, नारळ फुटण्याचे आवाज, आणि दुकानदारांचं "या की पावणं, बसा की" असं रागावल्यासारखं आग्रहाचं बोलावणं. आमच्याकडे देवळात माणसं आवाज खाली आणतात. इथं देवालाही हाक मारूनच सांगतात.

वाडीची माणसं देवळाच्या आवारात एका बाजूला, दगडी ओट्यापाशी जमली. हौसाक्काला डॉक्टरांच्या जीपमधून आणलं होतं आणि दोघांनी धरून ओट्यावर बसवलं. ताटात गुलाल होता. कळसाकडे तोंड करून आधी आण्णांनी मूठभर उचलला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मी शब्द मोडला न्हाई." मूठ तशीच धरून ते बाजूला उभे राहिले. मग एकेक जण आला. कुणी पुटपुटत, कुणी ओरडून. मी ज्याच्यावर संशय घेतला होता तो गप्प माणूस सगळ्यांत मोठ्यानं बोलला.

मंगलची पाळी आली. ती ताटासमोर उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"उचल की गं," कुणीतरी म्हणालं.

"न्हाय उचलत," ती म्हणाली. "माझं मत मी कुनाला दिलं त्ये सांगनार न्हाय. तुमच्या मानसाला दिलं असंल तरी न्हाय, नसंल तरी न्हाय. देवानं इचारलं तर देवाला सांगीन. तुमी देव हाय काय?"

आवाज चढलेला नव्हता, पण आवाराच्या त्या कोपऱ्यात सगळ्यांना ऐकू गेला. मग एक बाई म्हणाली, "झालं. एक घावलं."

हौसाक्का ओट्यावरून म्हणाली, "मग माझंबी न्हाय. मलाबी उचलायचा न्हाय."

"आनि ह्ये दुसरं!" मागून एक पुरुष ओरडला. "सासू आनि सून. दोनाला दोन. लागला हिशोब."

मी पुढे झाले. काय बोलणार होते ते आता आठवत नाही. कलमं सांगणार होते बहुतेक. विमलनं माझा दंड धरला. तेवढ्यात आण्णा ताटाकडे आले. ते बराच वेळ हौसाक्काकडे बघत होते. त्यांनी मूठ उघडली आणि उचललेला गुलाल परत ताटात सोडला. तळहात धोतराला पुसला.

"माझाबी परत ठेवला," ते म्हणाले. "आता तीन झाली. लावा हिशोब."

कुणाला काही लावता येईना. दोन मतं आणि तीन माणसं. ज्यानं शपथ घ्यायला लावली त्यानंच शपथ परत ठेवली. आण्णांनी खरंच पलीकडे मत दिलं होतं, की त्या दोघींवरचं बालंट टाळायला त्यांनी स्वतःला मध्ये घातलं, हे मला माहीत नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. थोडी बाचाबाची झाली. मघाशी "घावलं" म्हणालेली बाई रडायला लागली. मग कुणीतरी नारळ फोडला, प्रसाद वाटला आणि माणसं दोघं-तिघं करत पायऱ्या उतरायला लागली. मला मंगलच्या पाया पडावंसं वाटत होतं. मी फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बाई, पाच वाजता धार काडायची हाय," असं म्हणून ती पुढे निघाली.

पुन्हा वाडी

आम्ही हौसाक्काला सोडायला वाडीवर गेलो आणि तिथंच दुपार झाली. शाळेच्या खोलीसमोर माणसं परत जमली होती. आता भांडण नव्हतं, पण गाडीचा प्रश्न तसाच होता. दोघं सापडली नाहीत म्हणजे गाडी येणार नाही. आणि पुढच्या निवडणुकीत काय? पुन्हा शब्द द्यायचा, पुन्हा एखादं मत इकडं-तिकडं, पुन्हा डोंगर?

हौसाक्कानं भिंतीला पाठ टेकवली आणि म्हणाली, "आण्णा, ह्ये मशीन इथलं न्यायला सांग. खाली गावात मत द्यायला जावा. तिथं गर्दीत आपली मतं कोनाला वळखू येत न्हाईत."

सगळ्यांनी तिच्या पायांकडे बघितलं. डॉक्टरांची जीप मतदानाच्या दिवशी निवडणुकीच्या कामाला लागते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मात्र न राहवून बोलले. आक्का, असं करू नका, केंद्र हा तुमचा हक्क आहे. चूक नियमाची आहे, आम्ही नियम बदलून मागतो आहोत. मोजणी एकत्र झाली की तुमचं केंद्रही राहील आणि मतंही झाकलेली राहतील. मी बरंच बोलले, वर्गात बोलत असे तसं.

तिनं सगळं ऐकलं. "चांगलं काम हाय, बाई. कवा व्हईल?"

आमचं निवेदन नंतर फेब्रुवारीत गेलं, आणि पोच आली, तेवढंच. पण त्या दुपारी पोचसुद्धा नव्हती. मी म्हणाले, "माहीत नाही, आक्का."

"मग तवर ह्यांनी काय करायचं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं.

मंगल दारात उभी होती, किटली घेऊन. धारेची वेळ होत आली होती. ती म्हणाली, "आत्ती, मी नेतो की तुमास्नी. पाठीवर घेऊन उतरतो मतदानाला. काय वजन हाय तुमचं?"

"तुझ्या डोक्यावर किटली हाय," म्हातारी म्हणाली. "एका टायमाला दोन वझी न्हाय उतरत त्या वाटनं."

आण्णा रडत होते. एवढा दांडग्या आवाजाचा माणूस, तोंड फिरवून, पंच्यानं डोळे पुसत उभा होता. ज्या केंद्रासाठी त्यांनी चपला झिजवल्या ते हिच्यासाठीच होतं. ते म्हणाले, "आक्का, तुझं मत जाईल."

"माझं एक जाईल. बाकीच्यांची झाकली जातील. गुपचूप दिलेलं मत बरं असतंय, मी झाकलेलं, उघडं, दोन्ही देऊन बघिटलं." मग ती माझ्याकडे वळली. "तुमचं अक्षर चांगलं असंल. तुमी लिवा अर्ज."

मला नाही म्हणायचं होतं. मतदारांच्या हक्कांसाठी महाराष्ट्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आलेली मी, एका म्हातारीचं मतदान केंद्र काढून घ्या असा अर्ज माझ्या हातानं लिहायचा? पण माझ्यापाशी देण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. शाळेच्या मास्तरांच्या टेबलाशी बसले. महोदय, खाली सही करणारे आम्ही मतदार विनंती करतो की, वाडीतील मतदारांची संख्या अल्प असल्याने येथील स्वतंत्र मतदान केंद्र बंद करून आमची नावे मूळ गावाच्या केंद्रास जोडण्यात यावीत. कारण म्हणून यापेक्षा खरं काही लिहिता येत नव्हतं. खरं लिहिलं असतं तर पुन्हा वाडीच उघडी पडली असती.

लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना हलवल्या. हौसाक्काला अंगठ्यासाठी टेबलापर्यंत आणलं. तिनं अंगठा शाईला लावला, कागदावर नेला आणि मध्येच थांबली.

"बाई, अजून एक लिवा खाली."

"काय लिहू?"

"लिवा, केंद्र नगं म्हनजे मत नगं असं न्हाय."

सरकारी अर्जात असं वाक्य बसत नाही. अर्जावर अर्ज लिहून मुलींना मायना शिकवलेली मी, मला ते चांगलं ठाऊक होतं. तरी मी ते तिनं सांगितलं तसंच, तिच्याच शब्दांत लिहिलं. तिनं मला ते पुन्हा दोनदा वाचायला लावलं, आणि मगच अंगठा उठवला.